थांबण्याआधीचे 21 मीटर

आमच्या गाडीत पक्षी ओरडतो, हे सगळ्यात आधी साताऱ्यात कळलं. गाडी इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत. ऐकणारे बाबा साताऱ्यात, मंगळवार पेठेत. रविवारचा व्हिडिओ कॉल सुरू होता, बायको शेजारच्या सीटवर फोन धरून बसली होती आणि मी सिग्नलला गाडी थांबवत होतो. आईचं ‘जेवलात का’ संपून बाबांचं ‘थंडी किती आहे’ सुरू झालं होतं. तेवढ्यात बाबा मध्येच थबकले.

“तो आवाज कसला रे?”

“पक्षी असेल, बाबा. इकडे वसंत सुरू झालाय.”

बाबा क्षणभर गप्प. मग म्हणाले, “तुमच्याकडचा पक्षी ब्रेक दाबल्यावरच ओरडतो का?”

मी विषय बदलला आणि पुढचे दोन महिने गाडीतली गाणी जरा मोठ्याने लावली. भीमसेनांची तान चालू असली की पक्षी मुळीच ऐकू येत नसे.

ही गाडी घेतली तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. या वयात कुणी गुडघ्याला तेल लावतं, कुणी विपश्यनेला जातं. मी जुनी माझदा एमएक्स-5 घेतली. 2003 सालची, लाल, कापडी छपराची, दोन सीटची. डिकीत एक मध्यम बॅग आणि एक नारळ मावतो, पण नारळ आधी ठेवावा लागतो. आईने ती पहिल्यांदा फोनवर पाहिली तेव्हा तिला वाटलं, अपघातात छप्पर उडालं आणि आम्ही ते तिच्यापासून लपवतोय.

तशी गाडी घराण्यातली आहे. 1989 साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि एप्रिल 2016 मध्ये तिच्या घराण्यातली दहा लाखावी गाडी तयार झाली. जपानी अभियंत्यांनी ती घडवताना एक सूत्र समोर ठेवलं होतं : ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. आमचंही घोडा-स्वाराचंच नातं आहे, फक्त ते वरातीतल्या घोडीचं आणि नवरदेवाचं. दोघेही जपून, आणि दोघांनाही लोक बघताहेत याची धास्ती.

पक्ष्याचं गुपित फुटलं ते वार्षिक तपासणीत. इथे तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीला दरवर्षी ‘एमओटी’ नावाची परीक्षा द्यावी लागते. या परीक्षेत पास आणि नापास यांच्या मधे आणखी एक शेरा असतो, ‘सल्ला’. ब्रेकचा पॅड दीड मिलिमीटरच्या खाली गेला असेल तर गाडी ‘धोकादायक’ ठरते. माझे पॅड त्याच्या थोडे वर होते, म्हणून कागदावर सल्ला आला : पुढचे-मागचे पॅड झिजत आलेत, लक्ष द्या. आता फुकट मिळालेल्या सल्ल्याचं काय करायचं, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. तो कागद मी जपून ड्रॉवरमध्ये ठेवला.

बायकोने तो जपून बाहेर काढला.

“हे काय?”

“सल्ला आहे. नापास नाही.”

“बाबांनी दोन महिन्यांपूर्वी साताऱ्यातून सांगितलं ते हेच ना?”

यावर उत्तर नव्हतं. एका गॅरेजात चौकशी केली. त्यांनी सांगितलेल्या आकड्यात पॅडांचा वाटा लहान होता आणि हातांचा मोठा. हात तर आपल्यालाही आहेत, असा विचार माझ्या मनात आला. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक संकटांची सुरुवात याच वाक्याने झाली आहे.

खरं कारण वेगळं होतं. माझं लहानपण बाबांच्या चेतक स्कूटरशेजारी बसून गेलं. रविवारी सकाळी आकाशवाणी चालू करून बाबा ओसरीसमोर स्कूटर काढत, तिच्यासमोर पाट टाकून बसत आणि मला पाने देण्याच्या नोकरीवर ठेवत. ‘चौदा-पंधराचा दे’ म्हटल्यावर दहा-अकराचा दिला तर ते काही बोलत नसत, नुसता हात तसाच पुढे ठेवत. ब्रेक सैल वाटला की केबलचा नट दोन आटे आवळायचा, मागचं चाक हाताने फिरवायचं आणि कान लावायचा. ‘सुईईई’ आलं तर लायनर ड्रमला लागतंय, आणखी अर्धा आटा सैल. बाबांचं सगळं यंत्रशास्त्र कानात होतं. अशा माणसाच्या मुलाने ब्रेकसाठी गॅरेजात जायचं?

तर शनिवारी सकाळी मी दारातल्या फरशीवर पथारी मांडली. जॅक, दोन स्टँड, पाने, ॲलन चाव्या, तारेचा ब्रश, सी-क्लॅम्प, जुनी बनियनं. बाबांना फोन लावून खिडकीच्या कट्ट्यावर टेकवला. आईने पलीकडून विचारलं, “तिकडे मेकॅनिक मिळत नाहीत का?” बाबा म्हणाले, “मिळतात. पण हा मिळतोय ना फुकट.”

पहिला धडा असा की, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. गाडी वर उचलल्यावर पाना फिरवला तर नटाबरोबर चाकही गरगरतं आणि आपण खलाशासारखे त्याला लोंबकळतो. हा धडा मी लोंबकळून शिकलो. दुसरा धडा, जॅकवर विश्वास ठेवायचा नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. गाडीचा भार स्टँडवर द्यायचा, आणि जी चाकं जमिनीवर उरतील त्यांना पुढून-मागून अडसर लावायचा. बाबांनी विचारलं, “दगड लावलास का?” मी त्यांना दुकानातून आणलेला रबरी ठोकळा दाखवला. “दगड विकत घेतलास?” एवढंच ते म्हणाले.

पुढचं डावं चाक निघालं आणि आतला मामला दिसला. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा तो कॅलिपर. चिमटीच्या दोन बोटांना लावलेले ते पॅड. खालचा चौदाचा बोल्ट काढला की कॅलिपर बिजागरीवरच्या झडपेसारखा वर उचलला जातो. तो तारेने वर बांधून ठेवायचा, रबरी नळीला लोंबू द्यायचा नाही, कारण त्या नळीतूनच आपल्या पायाची ताकद चाकापर्यंत जाते. मग दोन्ही पॅड अलगद हातात येतात.

मी जुना पॅड तळहातावर ठेवला. नवा असतो साधारण बोटाच्या पेराच्या अर्ध्याइतका जाड. हा बिस्किटाच्या पापुद्र्यासारखा उरला होता. त्याच्या कडेला पत्र्याची एक छोटीशी जीभ होती, टोकाशी घासून चकचकीत झालेली. माझा पक्षी तो हाच. पॅड दोन-तीन मिलिमीटर उरला की ही जीभ डिस्कला टेकते आणि किंचाळते. म्हणजे तो आवाज बिघाडाचा नव्हताच. बिघाड होण्याआधी कळावं म्हणून कुणीतरी विचारपूर्वक बसवलेला होता. आणि मी त्याच्यावर भीमसेन लावले होते.

डिस्कवर बोट फिरवलं. मधला भाग झिजून गुळगुळीत, कडेला बारीक काठ उभा राहिलेला. आईची सहाण आठवली. देवघरातल्या त्या सहाणेलाही मधे असाच खळगा पडला आहे. खोड झिजतं ते सगळ्यांना दिसतं, पण सहाणही झिजते. म्हणून डिस्कवरही तिची कमीत कमी जाडी कोरलेली असते. त्याखाली गेली की तिलाही निरोप. माझी अजून बऱ्यापैकी वर होती. चाकाच्या जाळीवर साचणारी ती काळी भुकटी म्हणजे रोज उगाळलेलं गंध, जे मी दर रविवारी साबणाच्या पाण्याने धूत होतो आणि कुठून येतं याचा विचार करत नव्हतो.

आपल्याकडे निवृत्तीच्या समारंभात एक वाक्य हमखास येतं, ‘साहेब संस्थेसाठी चंदनासारखे झिजले.’ साहेब समोर बसलेले असतात, आणि ते कुठूनही झिजलेले दिसत नाहीत. मला वाटतं, पुढच्या समारंभात कुणीतरी ‘ब्रेकच्या पॅडसारखे झिजले’ असं म्हणून बघावं. झिजताना सुगंध नाही, उलट काळं तोंड. सत्कार नाही, शाल नाही. आणि संपत आल्याची सूचना स्वतःच देणार. ही अट लावली तर सत्कारमूर्ती फार उरणार नाहीत.

हा पॅड किती सोसतो याचा हिशेब मी त्याच रात्री मांडला. माझ्यासकट गाडीचं वजन साधारण 1100 किलो. इथल्या मोटरवेवर वेगमर्यादा ताशी 70 मैल. त्या वेगातून गाडी पूर्ण थांबवली की जी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, तिच्यात दीड लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. म्हणजे दहा कप चहाचं आधण, चार-पाच सेकंदांत! आमच्या गॅसला ते जमत नाही. हे सगळं आधण चार चाकांवरच्या तळहाताएवढ्या तुकड्यांना सोसायचं असतं. स्पोर्ट्स कारची कीर्ती इंजिनावर चालते, पण घाटाच्या उतारावर विचारावं ते ब्रेकलाच.

मजा अशी की या तुकड्याचा पूर्वज एका माहेरच्या फेरीत जन्मला. 1888 च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांना सोबत बसवून, मानहाइमहून फोर्त्सहाइमला आईकडे निघाली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. उतारावर लाकडी ब्रेक झिजले. तिने वाटेत जोडे शिवणाऱ्या एका कारागिराला गाठलं आणि ब्रेकच्या ठोकळ्यांना चामडं ठोकून घेतलं. जगातलं पहिलं ब्रेक लायनर ते हेच, असं म्हणतात. तिच्याजवळ ना जॅक होता ना रबरी दगड. माहेरी वेळेवर पोचायचं होतं, एवढंच.

आणि डिस्कचा जन्म माझ्या घरापासून जेमतेम वीस मैलांवर, बर्मिंगहॅमला. फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 मध्ये तिचं पेटंट घेतलं. पण धातू धातूवर घासून ती अशी किंचाळायची की लोकांनी नको म्हटलं. तिला मान मिळायला अर्धं शतक गेलं. 1953 मध्ये ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत कॉव्हेंट्रीच्याच जॅग्वार सी-टाइप गाड्या डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून उतरल्या. बाकीचे वळणाआधी खूप अलीकडे ब्रेक दाबायचे, कारण त्यांचे ड्रम तापून ढिले पडायचे. जॅग्वार मात्र उशिरा दाबायची आणि तरी वळायची. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ती शर्यत ताशी 105 मैलांहून जास्त सरासरीने जिंकली. उशिरा थांबता येतं म्हणून जोरात जाता येतं, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

हे सगळं मला शेजारच्या आजोबांनी सांगितलं. त्यांची सगळी हयात मोटारींच्या कारखान्यात गेली. सकाळपासून ते कुंपणापलीकडून गुलाबांची छाटणी करत होते आणि एकच गुलाब चाळीस मिनिटं छाटत होते. इंग्रज माणूस न विचारता मदत करत नाही. पण मदत मागावी लागेल इतका वेळ जवळ मात्र राहतो.

ती वेळ लवकरच आली. पॅड झिजत जातो तसा त्याला मागून दाबणारा कॅलिपरमधला पिस्टन बाहेर सरकत जातो. नवा जाड पॅड बसवायचा तर पिस्टन आत ढकलावा लागतो. पुढच्या चाकाला सी-क्लॅम्प लावून मी हळूहळू आवळत होतो, पिस्टन सुरेख आत जात होता, आणि बाबा फोनमधून म्हणाले, “काहीतरी गळतंय.” बॉनेटखाली ब्रेक ऑइलची टाकी भरून वाहत होती. पिस्टन आत गेला की त्याच्यामागचं तेल उलटं टाकीत येतं. मध्यंतरी पातळी खाली गेलेली पाहून मी मोठ्या कर्तव्यबुद्धीने ती भरून ठेवली होती. पातळी खाली का गेली, हे विचारलं नव्हतं. तीसुद्धा एक सूचनाच होती, आणि मी तिच्यावर तेल ओतलं होतं. हे तेल रंग खातं. कोकणातल्या पावसाळ्यातल्या मिठासारखं ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी मुरलं की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून दोनेक वर्षांनी ते बदलायचंही असतं. मी बनियन घेऊन धावलो, पाणी ओतलं, पुसलं. रुपयाएवढा लाल रंग तरी गेलाच.

पुढची दोन्ही चाकं झाली. दोन्ही एकदम उघडायची नाहीत, एक जुळवून दुसरं घ्यायचं; कुठला भाग कसा होता हे विसरलं की पलीकडे नमुना शाबूत असतो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पुसून त्यांना वंगण, पॅडच्या पाठीला वंगण, पोटाला चुकूनही नाही. मी खुशीत येऊन मागच्या चाकाला हात घातला.

मागचा पिस्टन हलेना. सी-क्लॅम्प पिळला, पिळला, आणखी पिळला. बायकोने चहा आणला आणि माझा चेहरा बघून परत नेला. अर्ध्या तासाने गुलाबाची छाटणी संपली.

“हँडब्रेक कुठे असतो?” आजोबांनी विचारलं.

“सीटशेजारी.”

“तो दांडा झाला. ब्रेक कुठे असतो?”

या गाडीत तो मागच्या कॅलिपरच्या आतच असतो. हँडब्रेकची यंत्रणा पिस्टनला जोडलेली असते, त्यामुळे तो नुसता ढकलून आत जात नाही. कॅलिपरच्या पाठीला एक बोल्ट आहे. तो वरकरणी काहीच धरत नाही, नुसतं झाकण. तो काढला की आत चार मिलिमीटरच्या ॲलन चावीचं भोक. चावी उलटी फिरवली की पिस्टन आज्ञाधारकपणे आत येतो. नवे पॅड बसवल्यावर सुलटी फिरवायची, पॅड डिस्कला टेकले की एक तृतीयांश फेरा मागे यायचं. आणि हे करताना हँडब्रेक सोडलेला हवा.

“हँडब्रेक सोडून गाडी उचलली?” बाबा ओरडले.

“पुढच्या चाकांना दगड लावलेत, बाबा. विकतचे.”

चावी फिरवून मी चाक हाताने फिरवलं. ‘सुईईई.’ कॉव्हेंट्रीतली फरशी, साताऱ्यातली ओसरी. मी काही बोलायच्या आत दोन्हीकडून एकदम आवाज आला. आजोबा इंग्रजीत म्हणाले, बाबा मराठीत, “जरा सैल कर.” त्या दोघांची अजून ओळखही करून दिली नव्हती.

नट आवळायला आजोबांनी त्यांचा टॉर्क रेंच दिला. 88 ते 118 न्यूटन मीटरच्या मधे कुठेतरी थांबायचं, तेवढं झालं की तो ‘टक’ करतो. माझ्या हाताला कधी थांबायचं ते सांगणारं हत्यार मी आयुष्यात प्रथमच धरलं. सगळं आवरलं, हात धुतले, गाडीत बसलो, किल्ली फिरवली. आजोबा कुंपणावर रेलून शांतपणे म्हणाले, “पेडल?”

पाय ठेवला. पेडल सरळ तळाला गेलं. लोण्यात सुरी जावी तसं. पिस्टन आत ढकललेले असतात, ते पुन्हा पॅडला भिडेपर्यंत पेडल चार-सहा वेळा दाबून भरावं लागतं, आणि हे गाडी हलवायच्या आधी करायचं असतं. नाहीतर पहिला ब्रेक आजोबांच्या गुलाबांनी लावला असता. ते तिथे का उभे होते, ते मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी नव्या पॅडांना वळण लावायला निघालो. मोकळ्या रस्त्यावर तीस मैलांचा वेग घ्यायचा, दाबून दहावर आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा तीस. असं आठ-दहा वेळा, म्हणजे पॅडचा एकसारखा पातळ थर डिस्कवर बसतो. बंद कारखान्यांच्या रस्त्यावर आमची लाल गाडी पुढे धावत होती, अडखळत होती, परत धावत होती. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईने थांबून बायकोकडे सहानुभूतीने पाहिलं. बायकोने हसून हात हलवला. त्या बाईला वाटलं असणार, नवरा गाडी शिकतोय.

रात्री बाबांचा फोन आला. “पक्षी गेला?”

“गेला, बाबा.”

“दोन महिने लागले.”

इथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात एक तक्ता आहे. ताशी 70 मैलांवरून थांबायला 96 मीटर लागतात. त्याचे दोन भाग दाखवलेत. 75 मीटर ब्रेकचे. आणि त्याआधीचे 21 मीटर विचाराचे, म्हणजे समोरचं दिसल्यापासून पाय हलेपर्यंतचे. माणसाचा विचार मीटरमध्ये मोजलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. नवे पॅड लावा, चांगलं तेल घाला, डिस्क बदला, आजोबांचा टॉर्क रेंच आणा. सुधारणा होते ती त्या 75 मीटरांत. आधीच्या 21 मीटरांना कुठलाही पाना लागत नाही. माझा विचार तर दोन महिने चालला होता.

तेव्हा वाचकहो, चाकाकडून ‘चीं’ असा आवाज आला, तर एवढंच करा. गाणं मोठं करू नका.